दुखण्याचा अंदाज आणि कातडीचा रंग

मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं की दुखतं. यात वादाला जागा नाही. एक्स-रे समोर असतो, मोडलेली जागा डोळ्यांना दिसते. तरीही अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठ रुग्णालयात लांब हाडं मोडून आलेल्या १३९ रुग्णांचे कागद तपासले, तेव्हा भलतंच चित्र समोर आलं. गोऱ्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना इमर्जन्सी विभागात दुखणं कमी करणारं काहीच मिळालं नव्हतं. हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या रुग्णांमध्ये हेच प्रमाण ५५ टक्के होतं. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. भाषा, विमा, इजेचं स्वरूप हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच.

मग साहजिक प्रश्न आला की डॉक्टरांना या रुग्णांचं दुखणं मुळात कमी वाटतं का? पुढच्याच वर्षी तेही तपासलं गेलं. हातापायाला मार लागलेल्या रुग्णांच्या दुखण्याचा डॉक्टरांनी केलेला अंदाज दोन्ही गटांत सारखाच निघाला. २००० साली अटलांटामधल्या एका रुग्णालयातल्या २१७ रुग्णांवरचा अभ्यास आला. तिथे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांच्या केसपेपरवर दुखण्याच्या नोंदी जवळपास सारख्या होत्या. औषध मात्र गोऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना मिळालं, कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्क्यांना.

म्हणजे दुखणं कळलं होतं, कागदावर उतरलंही होतं आणि तरीही औषध मिळालं नव्हतं. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण 'काही डॉक्टर वंशद्वेषी असतात' एवढं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. रुग्ण 'दुखतंय' म्हणतो तिथपासून औषध त्याच्या रक्तात पोचेपर्यंत बरीच माणसं मध्ये येतात. कुणी रांगेतला नंबर ठरवतं, कुणी तक्रार लिहून घेतं, कुणी ती खरी धरतं किंवा धरत नाही. कुणी मात्रा ठरवतं आणि तासाभराने परत येऊन कसं वाटतंय ते विचारतं किंवा विसरतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी जेवढा निर्णय नियमावर सोपवलेला असतो तेवढा भेदभाव कमी, आणि जेवढा अंदाजावर सोडलेला असतो तेवढा तो जास्त. गेल्या तीस वर्षांच्या अभ्यासांतून हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

जाड कातडीची गोष्ट

२०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २२२ वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपुढे काही विधानं ठेवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं खरी होती, बरीच खोटी होती. 'कृष्णवर्णीयांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते', 'त्यांच्या मज्जातंतूंची टोकं कमी संवेदनशील असतात', 'त्यांचं रक्त लवकर गोठतं' अशी ती खोटी विधानं होती. जवळपास निम्म्या जणांनी निदान एक तरी खोटं विधान खरं मानलं. जाड कातडीचं विधान पहिल्या वर्षाच्या सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांना पटलं होतं.

नुसती समजूत असती तर एक वेळ सोडून देता आली असती. पण त्याच लोकांपुढे दोन काल्पनिक रुग्ण ठेवले गेले, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, दोघांचं दुखणं सारखंच. ज्यांनी खोटी विधानं खरी मानली होती त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाचं दुखणं कमी धरलं आणि त्याच्यासाठी सुचवलेले उपचारही जास्त चुकीचे निघाले. ज्यांच्या डोक्यात या समजुती नव्हत्या त्यांच्या सल्ल्यात असा फरक पडला नाही. पुस्तकी ज्ञानातली एक चूक थेट रुग्णाच्या पलंगापर्यंत कशी पोचते, ते इथे स्पष्ट दिसतं.

या समजुती आकाशातून पडलेल्या नाहीत. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टराने गुलामांना होणारा म्हणून एक 'आजार' वर्णन केला आणि कातडी बधिर असणं हे त्याचं लक्षण सांगितलं. फटक्यांनी गुलामाला फारसं दुखत नाही असं एखाद्या डॉक्टराने लिहून दिलं की मालकाचं किती काम सोपं होतं, हे वेगळं सांगायला नको. त्याच काळात, १८४५ ते १८४९ दरम्यान, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत जे. मॅरियन सिम्स हा शल्यविशारद गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करत होता. त्यांपैकी तिघींची नावं नोंदीत राहिली आहेत: अनार्का, लूसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. ईथरने भूल देता येते हे बोस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं होतं, तरीही सिम्सने ती वापरली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा असलेला त्याचा पुतळा हलायला एप्रिल २०१८ उजाडावं लागलं.

प्रयोगशाळेत मोजलं तर काय दिसतं? उष्णता, थंडी, दाब अशा मोजून दिलेल्या वेदनेच्या चाचण्यांत आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींची सहनशक्ती सरासरीने गोऱ्यांपेक्षा कमी भरते. जुनी समजूत सांगते त्याच्या नेमकं उलट. अर्थात या सरासरीवरूनही समोरच्या एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. किती दुखतंय ते त्यालाच विचारावं लागतं.

पुरावा दिसेनासा झाला की

२०१२ साली अमेरिकेतल्या दोन दशकांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. शस्त्रक्रिया किंवा इजेनंतरच्या दुखण्यात कृष्णवर्णीय रुग्णांना ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं, मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी होती. पाठदुखी, अर्धशिशी, पोटदुखी अशा वरून काहीच न दिसणाऱ्या दुखण्यात ती ३४ टक्क्यांनी कमी होती. जखम दिसते तिथे निदान काही आधार असतो. दुखणं फक्त रुग्णाच्या शब्दांवर उभं असतं तिथे प्रश्न एकच उरतो, या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? भेदभाव शिरतो तो नेमका या प्रश्नात.

मुलंही यातून सुटत नाहीत. अपेंडिक्स सुजून इमर्जन्सीत आलेल्या मुलांचा राष्ट्रीय पातळीवरचा अभ्यास २०१५ साली आला. तीव्र दुखणं नोंदवलेल्या कृष्णवर्णीय मुलांना ओपिऑइड मिळण्याची सांख्यिकी शक्यता गोऱ्या मुलांच्या एक पंचमांश होती. इथे निदान तेच आहे, शस्त्रक्रिया तीच आहे, आणि 'औषधाच्या नादाने आलाय' हा संशय सात वर्षांच्या पोरावर घ्यायला काहीच आधार नाही. फरक तरीही आहेच.

सिकल सेलचा एक तास

हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर सिकल सेलचा झटका आलेला रुग्ण पाहावा. अमेरिकेत या आजाराचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय आहेत. हिमोग्लोबिनमधल्या जन्मजात बदलामुळे लाल पेशी ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. हाडाच्या आत ठणका सुरू होतो. पाठ, छाती, मांड्या, कुठेही.

अडचण अशी की हा झटका सिद्ध करणारी कुठलीही तपासणी नाही. हिमोग्लोबिन रुग्णाच्या नेहमीच्या पातळीवर असू शकतं. नाडी आणि रक्तदाब ठीक असू शकतात. एक्स-रेवर काही दिसत नाही. त्यात हा रुग्ण लहानपणापासून दुखण्याबरोबर जगत आलेला असतो. मन दुसरीकडे वळवायला तो फोनवर बोलतो, टीव्ही बघतो, अगदी डुलकीही काढतो आणि तरी विचारलं की १० पैकी ९ सांगतो. नवख्या डॉक्टरला वाटतं, हा थापा मारतोय. शिवाय कोणतं औषध किती मिलिग्रॅम लागतं हे रुग्णाला तोंडपाठ असतं. मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिनची मात्रा अचूक सांगितली तर तो जागरूक ठरतो. सिकल सेलच्या रुग्णाने हायड्रोमॉर्फोन या ओपिऑइडची मात्रा सांगितली की तो संशयित होतो.

२०१३ साली राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवरून दिसलं की सिकल सेलच्या रुग्णांना इमर्जन्सीत डॉक्टर भेटेपर्यंत इतर रुग्णांपेक्षा २५ टक्के जास्त वेळ थांबावं लागत होतं. लांब हाड मोडलेल्या रुग्णांशी तुलना केली तर ५० टक्के जास्त.

नियम काय आहे? अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तातडीच्या पाच पायऱ्यांच्या क्रमवारीत (पहिली सगळ्यात तातडीची) हा रुग्ण दुसऱ्या पायरीवर धरायचा, ट्रायाजपासून, म्हणजे तातडी ठरवण्याच्या पहिल्या तपासणीपासून, ३० मिनिटांत किंवा नावनोंदणीपासून ६० मिनिटांत औषधाची पहिली मात्रा द्यायची, आणि दुखणं आटोक्यात येईपर्यंत दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा विचारून पुढची मात्रा ठरवायची. अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेच्या २०२० च्या सूचनाही आल्यापासून तासाभरात औषध द्या असंच सांगतात.

हा तास कुठे हरवतो? पहिली गळती ट्रायाजला होते. नाडी-रक्तदाब ठीक म्हणून रुग्ण तिसऱ्या पायरीवर जातो आणि बाकड्यावर बसतो. दुसरी गळती शिरेत. वारंवार सुया टोचून शिरा खराब झालेल्या असतात, सलाईनची सुई लागत नाही, तीन माणसं प्रयत्न करतात आणि पाऊण तास जातो. यावर उपाय सोपा आहे. शीर मिळेपर्यंत थांबायचंच नाही. नाकात फवारून द्यायचं फेंटानिल हे ओपिऑइड दर किलोला १.५ मायक्रोग्रॅम या हिशेबाने दिलं तर काही मिनिटांत उतार पडू लागतो. ते नसेल तर त्वचेखाली इंजेक्शन देता येतं. तिसरी गळती सगळ्यात नेहमीची. पहिली मात्रा मिळते आणि मग कुणी फिरकतच नाही. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा जोर साधारण वीस मिनिटांत पूर्ण चढतो आणि तीन-चार तासांत उतरतो. सहा तासांनी पुढची मात्रा असं लिहून ठेवलं, तर मधले दोन-तीन तास रुग्ण बेल वाजवत राहणार. ती बेल मग 'सारखं औषध मागतो' म्हणून नोंदली जाते. अपुऱ्या मात्रेतून तयार झालेलं वागणं रुग्णाच्या स्वभावात जमा होतं, आणि पुढच्या वेळी ते त्याच्या आधी दारात हजर असतं.

औषध देताना एक सावधगिरी. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गडद कातडीवर चुकू शकतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के प्राणवायू दाखवत असताना कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत रक्तातला खरा प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली होता. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्के होतं. ओपिऑइडमुळे श्वास मंदावू शकतो, म्हणून यंत्रातल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. मिनिटाला श्वास किती, हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडतो का, बोलता बोलता झोपेत जातो का, हे माणसाने जवळ उभं राहून पाहावं लागतं. दुखणं पुरेसं थांबवायचं आणि सुरक्षितही ठेवायचं, तर रुग्णाकडे जास्त वेळा जाणं हाच मार्ग आहे.

केसपेपरवरचे शब्द

पुढची पाळी सुरू होते तेव्हा नव्या डॉक्टरला रुग्णाच्या आधी त्याचा केसपेपर भेटतो. २०२२ साली शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या ४०,११३ नोंदी तपासल्या गेल्या. कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत 'ऐकत नाही', 'आक्रमक', 'सहकार्य करत नाही' अशा धाटणीचं निदान एक तरी विशेषण सापडण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत अडीच पट होती.

शब्दांनी खरंच फरक पडतो का, याचाही प्रयोग झाला आहे. २०१८ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना सिकल सेलच्या एकाच रुग्णाची नोंद दोन प्रकारे लिहून दिली. एकीत तो नशेच्या औषधावर अवलंबून असलेला, आपल्याकडे वारंवार येणारा माणूस होता. दुसरीत त्याला वर्षातून आठ-दहा वेळा झटका येतो आणि त्यासाठी ओपिऑइड लागतं, एवढंच होतं. माहिती तीच. पहिली नोंद वाचलेल्यांचं रुग्णाबद्दलचं मत वाईट झालं आणि त्यांनी दुखण्यावर उपचारही हात राखून सुचवले.

म्हणून नोंद लिहिताना काही सवयी मुद्दाम लावून घ्याव्यात. 'दहापैकी दहा दुखत असल्याचा दावा करतो' असं लिहू नये. 'दहापैकी दहा दुखतं असं सांगतो' लिहावं. 'दावा' या एका शब्दात संशय आधीच ठरून गेलेला असतो. 'म्हणे' आणि अवतरण चिन्हांचंही तसंच आहे. रुग्णाचे शब्द अवतरणात टाकले की पुष्कळदा वाचणाऱ्याला ते खोटे वाटू लागतात. 'औषध नाकारलं' याऐवजी का नाकारलं ते लिहावं: मळमळ झाली होती, खाज आली होती, गुंगी येते आणि घरी लहान मूल आहे. 'वारंवार येणारा' याऐवजी आकडा लिहावा: गेल्या १२ महिन्यांत ६ वेळा, त्यापैकी ४ वेळा दाखल. आकडा वाचून पुढच्या डॉक्टरला आजार किती जोरात आहे ते कळतं. विशेषणातून फक्त आधीच्या डॉक्टरचा वैताग कळतो.

ओपिऑइडची भीती

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत याच औषधांच्या अतिवापराने लाखो जीव गेले. गोऱ्यांना जास्त गोळ्या मिळाल्या, मग कृष्णवर्णीय एका अर्थी वाचलेच, नाही का? हा युक्तिवाद फसवा आहे. मोडलेल्या हाडावर, अपेंडिक्सवर, सिकल सेलच्या झटक्यात पहिल्या काही तासांसाठी दिलेलं औषध आणि किरकोळ पाठदुखीला महिनोन्महिने लिहून दिलेल्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गटाला अनावश्यक औषध मिळालं आणि दुसऱ्याला आवश्यक औषध मिळालं नाही, तर त्या दोन चुका झाल्या. एकीने दुसरी फिटत नाही.

समान वागणूक म्हणजे सगळ्यांना जास्त ओपिऑइड असंही नाही. सगळ्यांना एकच मोजमाप, एवढंच. हाडाच्या इजेत पॅरासिटामॉल, मूत्रपिंड ठीक असेल तर आयबुप्रोफेनच्या जातीचं औषध, अवयव स्थिर ठेवणं, मज्जातंतूजवळ भूल देणं या सगळ्याचा उपयोग होतो. प्रश्न इतकाच विचारायचा, की समोरचा रुग्ण गोरा असता तर या निदानाला, या वजनाला आणि या आकड्याला काय दिलं असतं?

इस्पितळ बदलून हा प्रश्न सुटत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या ३१० आरोग्यसंस्थांच्या आकड्यांवरून दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांना वर्षभरात मिळालेली ओपिऑइडची सरासरी मात्रा गोऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होती, आणि ही तफावत एकाच संस्थेच्या छपराखाली उपचार घेणाऱ्या रुग्णांमधली होती.

यंत्राला विचारलं तर

माणसाचा अंदाज नको तर संगणकाला ठरवू द्या, असं अलीकडे बरंच ऐकू येतं. ते दोन्हीकडे झुकू शकतं. गुडघ्याच्या झिजेची तीव्रता मोजायची जी पद्धत जगभर चालते ती १९५७ साली ब्रिटनमध्ये तयार झाली. त्या पद्धतीने सारखीच झीज भरलेल्या गुडघ्यांतही कृष्णवर्णीय रुग्ण जास्त दुखतं असं सांगतात. मग कारण गुडघ्याबाहेरचं असणार, ताण असेल, मन असेल, असा निष्कर्ष काढला जायचा. २०२१ साली संशोधकांनी संगणकाला एक्स-रे दाखवले, पण डॉक्टरने दिलेली श्रेणी शिकवण्याऐवजी रुग्णाने स्वतः सांगितलेलं दुखणं शिकवलं. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या दुखण्यातल्या तफावतीपैकी जुनी श्रेणी ९ टक्केच समजावू शकत होती. या संगणकाने एक्स-रेमधूनच ४३ टक्के समजावली. म्हणजे दुखण्याचं कारण बऱ्याच अंशी गुडघ्यातच होतं. मोजणाऱ्याची पट्टी ते टिपत नव्हती.

याच्या उलट, जुन्या केसपेपरांतून शिकवलेला संगणक जुना पक्षपातही शिकतो. ज्यांना आजवर कमी औषध मिळालं त्यांना कमीच लागतं, असं तो प्रामाणिकपणे सांगेल. यंत्राला उत्तर म्हणून काय शिकवलं, रुग्णाचं सांगणं की डॉक्टरचा निर्णय, हे विचारल्याशिवाय असं साधन विभागात आणू नये.

विभागात काय करता येतं

पहिली गोष्ट मोजणी. 'आमच्याकडे असं होत नाही' हे वाक्य प्रत्येक विभागात ऐकू येतं आणि त्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं. एक निदान निवडावं, लांब हाड मोडणं किंवा सिकल सेलचा झटका, आणि मागच्या १२ महिन्यांचे सगळे रुग्ण काढावेत. प्रत्येकाची आल्याची वेळ, पहिल्या औषधाची वेळ, दुखण्याचा पहिला आकडा, पुन्हा कधी विचारलं आणि वजनाच्या मानाने मात्रा किती, एवढं लिहावं. मग वंश आणि बोलण्याची भाषा यांनुसार गट करावेत.

या मोजणीत नेहमीच्या चुका होतात. ज्यांना औषध मिळालं त्यांच्याच वेळेची सरासरी काढली जाते आणि ज्यांना ते मिळालंच नाही ते हिशेबातून गळतात. खरा फरक तर तिथेच असतो. थांबून थांबून कंटाळून निघून गेलेले रुग्णही मोजले जात नाहीत. वंशाचा रकाना खिडकीवरचा कारकून चेहरा पाहून भरतो; तो रुग्णाला विचारूनच भरायला हवा. आणि दुखण्याचा आकडाच विचारला गेला नसेल तर ती जागा कोरी राहते आणि कोरी जागा शून्यासारखी वाचली जाते. न विचारणं ही स्वतंत्र चूक म्हणून मोजावी.

दुसरी गोष्ट, अंदाजाची जागा कमी करणं. ठराविक निदान आणि ठराविक आकड्याच्या वर दुखणं असेल तर डॉक्टर येण्याची वाट न बघता नर्सने पहिली मात्रा द्यायची, असा कायमचा लेखी आदेश हे आतापर्यंतचं सगळ्यात भरवशाचं साधन. पुढच्या तपासणीची वेळ औषध देतानाच संगणकात घालावी, म्हणजे ती कुणाच्या आठवणीवर राहत नाही. नेहमीच्या रुग्णासाठी त्याच्या रक्ततज्ज्ञाने लिहिलेली वैयक्तिक योजना असावी: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती मिनिटांनी पुन्हा, काय चालत नाही, कोणत्या टप्प्याला दाखल करायचं. ती केसपेपर उघडताच पहिल्या पानावर दिसली पाहिजे. सातव्या पडद्यामागे दडलेली योजना रात्री तीन वाजता कुणी शोधत नाही.

प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सुप्त पूर्वग्रहावरचं तासाभराचं व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, यावर खूप पैसा जातो. २०१९ साली ४९२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सुप्त पूर्वग्रहाचे चाचणीतले आकडे थोडेफार हलवता येतात, पण त्यामुळे वागणं बदलतं असं त्यातून दिसलं नाही. २०११ च्या एका प्रयोगात मात्र नर्सना निर्णयाआधी थोडं थांबून, या दुखण्याने समोरच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात काय होत असेल याची कल्पना करायला सांगितलं, आणि उपचारातला पक्षपात ५५ टक्क्यांनी घटला. तो प्रयोग होता, गजबजलेला विभाग नव्हे. तरीही 'दुखतं किती' याबरोबर 'दुखण्यामुळे काय करता येत नाही' हा प्रश्न ठरवून विचारायला खर्च काहीच नाही.

भाषेचं एवढंच सांगायचं की घरातल्या मुलाला दुभाषा बनवू नये. दुखणं टोचतं, जळतं, ओढतं की ठणकतं, कुठून कुठे उतरतं, हे बारकावे निदानाचे असतात आणि आईचं दुखणं सांगताना मूल ते गाळतं किंवा सौम्य करतं. फोनवरचा प्रशिक्षित दुभाषा बराच बरा.

रुग्णाच्या हातात काय आहे

आपलं दुखणं खरं आहे हे पटवून द्यायची जबाबदारी दुखणाऱ्या माणसावर पडावी, हा अन्यायच आहे. पण व्यवस्था सुधारेपर्यंत आज रात्री ज्याला जावं लागणार आहे त्याला काही गोष्टी उपयोगी पडतात.

आकड्याबरोबर काम सांगावं: '१० पैकी ८. उभं राहता येत नाही, रात्रभर डोळा लागला नाही, खोल श्वास घेतला की कळ येते.' घरी काय घेतलं, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे कागदावर लिहून न्यावं. मागच्या वेळी कशाने उतार पडला तेही लिहावं. तोंडी सांगितलेल्या मात्रेपेक्षा तज्ज्ञाच्या सहीच्या कागदाला वजन जास्त. औषध मिळालं की विचारावं, 'माझं दुखणं पुन्हा किती वाजता तपासणार?' आणि ती वेळ लक्षात ठेवावी. औषध द्यायचं नाही असं ठरलं तर शांतपणे म्हणावं, 'हे न देण्याचं कारण माझ्या नोंदीत लिहा.' कारण लिहावं लागलं की निर्णयाचा पुनर्विचार होण्याची शक्यता वाढते. बरोबर कुणी असेल तर बोलण्याचं काम त्याने करावं. दुखण्यात चढलेला आवाज कृष्णवर्णीय रुग्णाच्या बाबतीत लवकर 'आक्रमक' ठरतो, हे वर आलंच आहे.

अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून रुग्णाला स्वतःच्या बहुतेक वैद्यकीय नोंदी संगणकावर विनाविलंब पाहता येतात. घरी आल्यावर त्या वाचाव्यात, चूक असेल तर दुरुस्तीची लेखी मागणी करावी. रुग्णालयात रुग्णांची बाजू मांडणारा अधिकारी असतो, पहिली तक्रार तिथे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला वंशावरून भेदभाव करता येत नाही. त्याची तक्रार केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे करता येते, साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांच्या आत. म्हणून वेळा आणि तारखा त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.

आणि सुट्टी मिळताना शेवटची एक गोष्ट. न्यूयॉर्क शहरातल्या औषधदुकानांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली होती. प्रामुख्याने गोऱ्या वस्तीतल्या ७२ टक्के दुकानांत तीव्र दुखण्यासाठी पुरेसा ओपिऑइडचा साठा होता. प्रामुख्याने गोरेतर वस्तीत तो फक्त २५ टक्के दुकानांत होता. रुग्णालयात सगळं नीट पार पडलं, चिठ्ठीही मिळाली आणि औषध दुकानातच नाही, असं तिथे होत होतं. तेव्हा वॉर्डातून निघण्याआधी नर्सला सांगून घराजवळच्या दुकानात फोन करून घ्यावा, औषध आहे का, याच ताकदीचं आहे का, आणि रात्री किती वाजेपर्यंत उघडं आहे. नसेल तर पहिल्या रात्रीच्या गोळ्या रुग्णालयाच्या औषधालयातूनच घेऊन निघावं.